शालीकरामची गाडी आणि कवडूची नजर

शालीकराम रहांगडाले यांनी बैलजोडी विकली आणि गोठा रिकामा झाला. पण संध्याकाळी गोठ्यात काहीतरी बांधायची त्यांची सवय काही गेली नाही. त्यामुळं मोटारसायकल घेतली ती थेट गोठ्यात गेली आणि डाव्या बैलाच्या खुंट्याला बांधली गेली. ही २००४ सालची गोष्ट. गाव आमगावच्या बाजूचं. मी तिथल्या शाळेवर होतो आणि रहांगडाल्यांच्याच घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली होती. खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून गोठा दिसे. पुढं जे लिहितो आहे त्याचा बराचसा पुरावा ही खिडकी आहे.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे जत्रा, पाहुणे, आणि बाहेर शेतात ओळीनं उभ्या गाड्या. त्या वर्षी मंडईतून गाड्या चोरीला जाऊन राहिल्या अशी बातमी उठली. किती गेल्या, कुणाच्या गेल्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणूनच सगळ्यांचा विश्वास बसला. शालीकभाऊंचा तर फारच.

त्यांनी बैलाची साखळी मागच्या चाकातून ओवून खुंट्याला बांधली आणि तिला कुलूप घातलं. मग इंजिनाचा प्लग काढून घरात लपवायला सुरुवात केली. तरी समाधान होईना, तेव्हा माळ्यावरचं लोढणं काढलं. पळपुट्या गाईच्या गळ्यात जो लाकडी ओंडका बांधतात, धावू लागली की गुडघ्यांवर बसावा म्हणून, तो. तो त्यांनी हँडलला लटकावला.

मी म्हणालो, "भाऊ, गाडी काय पळपुटी आहे?"

"गाडी नाई पळत गुरुजी, पळवणारा पळते. त्याच्या गुडघ्याले लागंल ना!"

 शिक्षणशास्त्राच्या पदविकेत हे शिकवलेलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी सुशिलाबाई चुलीपाशी बसून हे सगळं पाहत. "इतक्या वर्साची या घरात हाव, मले कधी कडी नाई लावली यायनं," त्या मला म्हणाल्या. "मी पळून गेली असती, तं सकाळी चहाच्या वेळी समजलं असतं यायले."

चोर कोण, हेही शालीकभाऊंच्या मनात ठरलेलं होतं. शेजारचा कवडू. दोन घरांमधली मातीची भिंत पावसानं खचून छातीइतकी उरली होती आणि तिच्यावर कोपरं टेकून कवडू गाडीकडं पाहत असे. सगळं गाव पाहत होतं, पण गाव येताजाता पाही. कवडू थांबून पाही. एकदा त्यानं "शालीकभाऊ, हे पाण्यात चालते का?" असंही विचारलं होतं. शालीकभाऊंना त्यात पळून जायचा रस्ता दिसला.

तेव्हापासून किल्ल्या आणि प्लग रोज नव्या जागी जाऊ लागले. भिंत मात्र कुणी बांधली नाही. ती बांधायला कवडूच लागला असता. गावात मातीचं काम तोच करी.

धानाची कापणी संपत आली होती. भर दुपारी कवडू आपल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, भारे बांधत होता. एक भारा उचलला आणि खालच्या सापानं त्याचा पाय धरला. दोघांनी त्याला उचलून आणलं, अंगणातल्या खाटेवर टाकलं. लगेच माणसं जमली आणि साप कोणता होता यावर दोन पक्ष पडले. त्याला दवाखान्यात न्यावं, हे फक्त त्याची बायको रुख्मिणी म्हणत होती. तिनं भिंतीवरून हाक मारली, "भाऊजी, गाडी काढा! मरते ना हा माणूस!"

शालीकभाऊ जेवत होते. उष्ट्या हातानं गोठ्यात धावले आणि गाडीसमोर जाऊन उभेच राहिले. तसेच फिरून घरात गेले. तांदळाच्या कणगीत हात घातला, छपराची कवेलू उचकली, देवामागं पाहिलं, मग पुन्हा कणगीत.  "कोठी ठेवली बे आज... कोठी ठेवली..." सुशिलाबाई शेतात. मी मदतीला गेलो, पण कुठं शोधायचं हे त्यांनाच सांगता येईना, तर मी काय शोधणार?

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. खाटेवरून. जीभ जड झाली होती, पापण्या मिटत होत्या, पण पत्ता बिनचूक होता.

"शालीकभाऊ... गाडीची किल्ली खुराड्यावर, टोपल्याच्या खाली. पलग हळदीच्या डब्यात हाय... सकाळी वयनी त्याच्यावरूनच बोंबलत होत्या."

"अना कुलपाची?"

"ते तं तुह्या करदोड्याले हाय ना."

शालीकभाऊंनी कमरेला हात लावला. होती.

 प्लग पिवळाधमक निघाला, धोतरानं पुसून बसवला. लोढण्याची गाठ सुटेना, ती रुख्मिणीनं विळ्याच्या एका घावात तोडली. शालीकभाऊ पुढं, मधे कवडू, मागं त्याला धरून मी. बैलांच्या चालीनं गाडी चालवणारा तो माणूस त्या दिवशी आमगावपर्यंत कसा गेला, ते मला नीट सांगता येणार नाही. मी बराच रस्ता डोळे मिटून होतो. मान टाकलेला कवडू मधेमधे श्वास घेत होता, एवढं पाठीवर ठेवलेल्या माझ्या हाताला कळत होतं.

दवाखान्यापुढं गाडी उभी केली, कवडूला उचलून आत पळालो. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. दिवस कलला तसे त्याचे डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं." शालीकभाऊंनी त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर वयानं मुलासारखे होते, ते ओशाळले.

मग आम्ही चहाला बाहेर आलो. गाडी नव्हती.

किल्ली तिला तशीच राहिली होती. शालीकभाऊंनी त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार. ते म्हणाले, "काम करून गेली," आणि सलाईन संपत आलं असेल म्हणून आत वळले.

ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं, "कुलूप नोहोतं?"

"नाई."

"काऊन?"

"माणूस उतरवून रायलो होतो साहेब."

हवालदारानं लिहायचं थांबवून वर पाहिलं आणि समोरची खुर्ची पुढं सरकवली.

कवडूला हे घरी आल्यावर कळलं. भिंतीपाशी येऊन तो खाली मान घालून उभा राहिला. "माह्यापायी गेली."

"तुह्यापायी कायले? चोरापायी गेली," शालीकभाऊ म्हणाले. मग त्यांनी एकदाचं विचारलं, "तुले सगळं ठाव होतं नं रे? किल्ली, पलग, सगळं?"

"हव. तू रोज लपवत होता, मी रोज पाहत होतो."

"मंग काऊन नाई नेली?"

कवडू गोंधळला. असा प्रश्न त्याला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "मले चालवता कोठी येते?" तो म्हणाला. आणि पुढं, "अना नेऊन कोठी जाऊ? राहतो तं अठीच ना."

शालीकभाऊ हसले नाहीत. उठून भिंत ओलांडून गेले आणि त्याच्या खाटेवर बसले. त्या घरात ते कधी गेलेले मी तोवर पाहिले नव्हते. रुख्मिणीनं चहा दिला.  तिनं चहात साखर फार घातली. शालीकभाऊ तो सगळा प्यायले.

दुसरी गाडी, जुनी, पुढच्या वर्षी धानाच्या कापणीला आली. पहिल्याच रविवारी ते कवडूला घेऊन कापलेल्या बांधीत गेले. आम्ही बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून पाहत होतो. कवडू पाचदा पडला. शालीकभाऊ मागून धावत, ओरडत होते, "कलच हळू सोड बे, हळू!" सुशिलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

संक्रांतीपर्यंत कवडू उत्तम चालवू लागला. म्हणजे शालीकरामची गाडी सहज नेऊ शकेल असा गावात आता एक माणूस पूर्ण तयार झाला होता, आणि तो त्यांनी स्वतः, मेहनतीनं तयार केला होता. गावात कुणाला दुखलंखुपलं की हाक आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाई. जो आधी ऐके, तो गाडी काढी.