काटे पुसायला लागणारा वेळ

बाईंना कुणी काहीही विचारलं, की त्या आधी म्हणत, "थांबा." उत्तर कधी लगेच येई, कधी मधल्या सुट्टीनंतर. मुलं त्यांना थांबाबाई म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत त्या उभी हयात गणित शिकवत आल्या होत्या. सकाळी चढ चढून आल्या, की स्टाफरूममधल्या पहिल्याच खुर्चीत बसत आणि पदराने मान टिपत म्हणत, "आता थोडा वेळ मला कुणी माणूस समजू नका."

त्यांच्या थकव्याचं कारण नुसता चढ नव्हता. एकदा मला म्हणाल्या, "सर, पायथागोरस मी इतक्यांदा सिद्ध केलाय, की आता तो खोटा निघाला तरी माझी हरकत नाही."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. टीव्हीसारखा पडदा, टाइपरायटरसारख्या कळा, आणि केलेलं काम साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर. गणिताच्या म्हणून बाई आणि विज्ञानाचा म्हणून मी, असे दोघं पुण्याला जाऊन थोडंफार शिकून आलो. अट एकच होती. वर्ष संपताना मुंबईहून खात्याचे साहेब तपासायला येणार, आणि यंत्राचं चीज होत नाही असं त्यांना दिसलं तर यंत्र दुसऱ्या शाळेला दिलं जाणार. बाईंनी जुन्या पातळाचा गलेफ शिवून त्याच्यावर घातला. "हे मला येत नाही," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "किती वर्षांनी असं काहीतरी समोर आलंय." त्यांचा आवाज मी प्रथमच इतका ताजा ऐकला.

साहेबांना दाखवायला पडद्यावर घड्याळ करायचं ठरलं. नुसते आकडे दाखवणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, "आकडे नकोत. आकडे किती वाजले तेवढंच सांगतात. काट्यांकडे बघून किती उरलंय ते कळतं."

पहिल्या दिवशी घड्याळ उलटं फिरलं. शिवाय सुरुवात तीनपासून. हेडमास्तर दारातूनच म्हणाले, "बाई, आम्हाला मागच्या इयत्तेत बसवताय की काय?" बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. धन कोन आडव्या अक्षापासून, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजायचा, हे वाक्य त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांकडून घोकून घेतलं होतं. यंत्रालाही त्यांनी तेच घोकायला लावलं होतं.

मग माझी पाळी. पडद्यावर काटा सरकत नाही. जुना काटा काळ्या रंगाने पुन्हा काढायचा, म्हणजे तो पुसला जातो, आणि मग पुढचा पांढरा काढायचा. मी पुसायची ओळच लिहिली नव्हती. मिनिटभरात सगळी तबकडी पांढऱ्या काट्यांनी भरून गेली. माझा स्वभाव असा, की वर्गात खडू मोडला तरी मला अपराधी वाटतं. मी माफी मागत राहिलो. बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या माफीत माझ्या दोन ओळी टाइप झाल्या असत्या. पुसा आणि पुढे चला."

पण पुसण्यातही गोम होती. सेकंदकाटा पुसला जाताना खालच्या तासकाट्याचा तुकडाही नाहीसा होई. मग तिन्ही काटे दर वेळी नव्याने काढावे लागत. आमच्या घड्याळाला सेकंद कळत नव्हता. एका ठरावीक आकड्यापर्यंत मनात मोजायचं आणि काटा हलवायचा, एवढंच आम्ही त्याला शिकवलं होतं. पुसायचं-काढायचं काम वाढलं तसा त्याचा सेकंद लांबला. आकडा कितीही कमी केला तरी हिशेब जमेना, कारण तिरका काटा काढायला उभ्या काट्यापेक्षा जास्त वेळ लागे. "त्याचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "काम वाढलं की दिवस पुरत नाही. माझं काय वेगळं आहे?"

साहेब यायचे होते सकाळी, आले दुपारी. सकाळी लावलेलं घड्याळ तोवर चांगलंच मागे पडलं होतं. जिन्यावर बुटांचे आवाज आले तसे हेडमास्तर माझ्या कानात म्हणाले, "वेळ बदला, लवकर!" दोन कळांचं काम होतं. माझं बोट कळेवर होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पडदा पाहिला आणि मग मनगट पाहिलं. बाई म्हणाल्या, "मागे पडतं ते, साहेब. का पडतं ते कळलंय. दुरुस्त कसं करायचं ते अजून कळायचंय. म्हणून ते आम्हाला इथे हवंय." साहेबांनी मान डोलावली, कोकम सरबत घेतलं आणि ते गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र गेलं. गलेफ घडी घालून बाईंनी घरी नेला.

माझ्या मनातून ते बोट हललं नाही. काही वर्षांनी, बाई निवृत्त होताना, मी म्हटलंच, "त्या दिवशी मी वेळ बदलली असती तर यंत्र राहिलं असतं."

"राहिलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि जो कुणी बघायला येईल त्याच्याआधी जिना चढून मला ते घड्याळ पुढे ढकलावं लागलं असतं. तेवढा दम नव्हता हो माझ्यात."

आता बाई नाहीत. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वेळ दिसते, बिनचूक. तिथे काटे नाहीत, त्यामुळे किती उरलंय ते कळत नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. ते सारखं करायला मी सवयीने उठलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "किती मागे आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही बसा."

मी बसलो.