पहिला घोट

सोलापुरात गिरणीच्या मागं आमचं ख्रिस्ती देऊळ होतं. कुठल्याच पंथाचं नाही, सगळ्यांचं. त्याचा इतिहास मला सांगितला पहिल्या सतरंजीवर बसणाऱ्या एका फेटेवाल्या गृहस्थांनी. नाव मी कधी विचारलं नाही. नवा माणूस दिसला की त्याला गाठायचं, मिशा पुसायच्या आणि ऐकवायचं, "हितं पंथ न्हाय, जात न्हाय. समदी एकाच प्याल्यातनं पित्यात."

प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरसाचा एकच प्याला पुढून मागं जाई. त्यामुळं पहिला घोट नेहमी यांचा. गावकुसाबाहेरून आलेली मंडळी मागं बसत. जात टाकून आलेल्या या गृहस्थांनी सोवळं तेवढं ओठांवर ठेवलं होतं.

मग नवे पाळक आले आणि त्यांनी एका रविवारी प्याला मागून फिरवायला सुरुवात केली. तो जवळ येताच गृहस्थांना असा खोकला लागला की ते थेट बाहेर, कडुनिंबाखाली.

पुढच्या प्रभुभोजनाला बघतो तर स्वारी सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून. पाळकांनी भर उपासनेत त्यांच्या नम्रतेची तारीफ केली. बाहेर पडताना मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मिशा पुसत म्हणाले, "शेवटले ते पयले व्हतील, असं शास्त्रातच हाय की!"