पुरावा शे का, भाऊ?

“पुरावा शे का, भाऊ?” आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई हा प्रश्न कुणालाही विचारायच्या. पोरांना, शिपायाला, अगदी मुख्याध्यापकांनाही. बाई मूळच्या धुळ्याकडच्या, त्यामुळे त्यांच्या तोंडी ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं. मी गणिताचा, आणि आमचे वर्ग शेजारी. मधली भिंत इतकी पातळ की माझ्या समीकरणांत त्यांचा प्रश्न सारखा घुसायचा.

सातवीच्या पोरांना त्या दर शनिवारी विचारत, “तू कोण शे?” एखादा म्हणायचा, “मी ढ.” लगेच बाई, “पुरावा?” “गणितात नापास, बाई.” “तो गणिताचा पुरावा झाला. तुझा दे!” मग पोरगं डोकं खाजवत सांगायचं, की धाकट्या बहिणीला सायकल शिकवली, पण एकदाही तिच्यावर ओरडलो नाही. “हां! म्हणजे तू सबुरीचा. बस खाली.” ते पोरगं आठवडाभर ताठ मानेनं फिरायचं.

मुख्याध्यापक एकदा तणतणले, “बाई, तुमचा वर्ग फार वाह्यात झालाय!” बाईंनी शांतपणे त्यांच्याकडेही पुरावा मागितला. सर तरातरा आल्या वाटेनं परत गेले. मी फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं.

एका बाबतीत मात्र बाई सापडायच्या. अहो, खान्देशात जन्मून त्यांना तिखट सोसत नसे! हिवाळ्यात शाळेमागच्या मळ्यात भरताची पार्टी व्हायची. पोरं कापसाच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवून वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या घालून मुसळानं ठेचायची. बाई पहिल्याच घासाला ठसकायच्या आणि डोळे पुसत म्हणायच्या, “धूर गेला, धूर!”

“पुरावा शे का, बाई?” अख्खा वर्ग ओरडायचा.

एक मुलगी तेवढी ओरडायची नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून यायची, शेवटच्या बाकावर बसायची. बाईंनी कितीदाही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं, “मी काहीच नही.” पुरावा मागितला की मान खाली.

त्यातच बाईंच्या बदलीचा हुकूम आला. मला म्हणाल्या, “भाऊ, बठ्ठ्या पोरांचं काही ना काही सापडलं, हिचंच राहिलं. उगाच ‘गुणी’ म्हटलं तर तिला लगेच कळेल. आणि हे ‘काहीच नही’ ती जन्मभर धरून बसेल हो.”

निरोपाला अर्थातच भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पोरांनी वाढलं. बाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. “मिरची रे, मिरची!” त्या म्हणाल्या.

मागून बारीक आवाज आला, “नही बाई. तुमनं भरीत मी बिनमिरचीनं काढी ठेयेल शे.”

शेवटच्या बाकावरची ती! मी बाईंच्या ताटातलं, तिनं वेगळं काढून ठेवलेलं भरीत चाखून पाहिलं. खरंच, मिरचीचा मागमूस नव्हता. पोरं खो-खो हसली. बाईही रडता रडता हसायला लागल्या आणि त्यांनी तिला जवळ ओढलं. “आता सांग, तू कोण शे?”

तिनं जरा विचार केला. “मी ध्यान ठेवस.”

बाईंनी पुरावा मागितला नाही.

त्या धुळ्याला गेल्या. पलीकडचा वर्ग आता फार शांत असतो, मला करमत नाही. परवा वैतागून मी पोरांवर खेकसलो, “तुम्ही बठ्ठे आळशी आहात!”

शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला, “पुरावा शे का, सर?”

मी खडू खाली ठेवला. शप्पथ सांगतो, नव्हता.