ट्रॅकचे टायर, उसाचा रस्ता

हवालदारांनी वाकून पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "ह्यो पार गुळगुळीत झालाय न्हवं?"

"झिजलेला नाही," मी म्हणालो. "हा नवा असतो तेव्हाही असाच असतो."

त्यांचा विश्वास बसला नाही. पोलिस ठाण्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली ती निळी टू-सीटर उभी होती. डावं दार सीटपर्यंत आत गेलेलं. टायर मात्र चारही धड. ते मीच विकले होते, मीच बसवले होते. म्हणून जबाबासाठी मला साताऱ्याहून बोलावलं होतं.

माझं साताऱ्यात हायवेला लागून टायरचं शॉप आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, कार, सगळं येतं. स्पोर्ट्स कार मात्र एकच यायची, ती रणजितची. रणजित इस्लामपूरकडचा. नोकरी पुण्यात, आई-वडील गावी. वडील फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, आणि घरची उसाची शेती. रणजितने पाच वर्षं पैसे साठवून ही जुनी गाडी घेतली होती. वर्षातून दोन-तीनदा तो ती तमिळनाडूतल्या रेस ट्रॅकवर घेऊन जायचा. शर्यतीसाठी नव्हे. अशा दिवशी ट्रॅक सगळ्यांना खुला असतो, आपली गाडी आणायची आणि मोकळेपणी पळवायची. एरवी हीच गाडी तो पुणे ते गाव चालवायचा.

पहिल्यांदा आला तेव्हाच त्याने विचारलं होतं, "युनूसभाई, दोन्हीकडे चालेल असा एकच टायर सांगा."

मी त्याला सांगितलं, असा टायर नसतो. रोडच्या टायरला खोल खाचा असतात. पाणी, चिखल त्या खाचांतून बाहेर फेकला जातो आणि रबर रस्त्याला टेकतं. पण ट्रॅकवर चार फेऱ्या जोरात मारल्या की ते रबर तापून मऊ पडतं, कडेचे तुकडे निघतात. ट्रॅकसाठी सेमी-स्लिक मिळतो. त्याला खाचा जवळजवळ नाहीतच, म्हणून रबर जास्त टेकतं. ते रबर तापलं की रस्त्याला डिंकासारखं चिकटतं. पण आधी तापावं लागतं. गार असताना ते प्लॅस्टिकसारखं असतं.

पहिलं वर्ष तो रोडच्या टायरवरच ट्रॅकला गेला. परत आला तेव्हा दोन टायरच्या कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. मग त्याने सेमी-स्लिकचा हट्ट धरला. टायरवर रस्त्यावर चालवायला परवानगी असल्याची खूण असते, ती त्याने मला मोबाईलवर दाखवली. मी म्हटलं, परवानगी आहे म्हणजे पोलिस अडवणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी आमचं असं ठरलं. दोन सेट ठेवायचे. ट्रॅकला जायच्या आदल्या दिवशी मी सेमी-स्लिक चढवायचे, आल्या आल्या उतरवायचे. रिमचा एकच सेट होता, त्यामुळे दर वेळी टायर रिमवरून काढून दुसरा घालावा लागे. रोडचे टायर माझ्याच गोडाऊनला राहायचे. खरं म्हणजे हे टायर चढवून त्याने हजार किलोमीटर हायवेने जाणंच चुकीचं होतं. गाडी ट्रकवर लादून नेली पाहिजे, हे मला माहीत होतं. मी एकदा सुचवलं, तो हसला, मीही विषय सोडला. आमच्या भागात असले टायर बसवणारा मी एकटा होतो आणि मला त्याचा अभिमान होता. शॉपमध्ये त्या गाडीचा फोटो लावला होता.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

त्या डिसेंबरात तो ट्रॅकवरून रविवारी गावी पोचला. सोमवारी माझ्याकडे यायचा होता. शनिवारीच माझ्या टायर चेंजरचा, म्हणजे रिमवरून टायर उतरवायच्या मशीनचा, हात तुटला होता. बाजूची भिंत बुटकी असलेले असे रुंद टायर त्या हाताशिवाय निघत नाहीत. पहार लावून काढले तर रिम खराब होते. पार्ट पुण्याहून बुधवारी येणार होता. मी त्याला फोन करून बुधवारी ये म्हणून सांगितलं. त्याने सुट्टी वाढवून घेतली.

मंगळवारी सकाळी सातला त्याचा फोन आला. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे सांगलीला न्यायचं होतं. घरची जीप चुलत्यांनी नेली होती. शिवाय सुभेदारांना त्या गाडीत एकदा बसायचंच होतं. इतकी वर्षं त्यांनी तिला नावंच ठेवली होती. रणजित म्हणाला, "अण्णा स्वतःहून म्हणतायत, बघू तरी तुझी गाडी. याच टायरवर जाऊ का?"

मी पाऊस आहे का विचारलं. तो म्हणाला, कोरडं आहे, जरा धुकं आहे.

"मग जा. पण हळू जा. चाळीसच्या वर जाऊ नकोस."

एवढंच बोललो आणि चहा घेतला.

मी याच मुलखातला. डिसेंबरात कारखाने चालू असतात, दिवसरात्र ऊस वाहतूक असते, हे मला कुणी सांगायला नको. ट्रॅक्टर रानातून डबल ट्रॉली ओढत बाहेर येतो तेव्हा चाकांना लागलेली काळी माती रस्त्यावर सांडत जातो. दुपारी तिची धूळ होते. सकाळी दवाने ती साबणासारखी असते. रोडचा टायर ती माती खाचांत घेऊन बाहेर टाकतो. सेमी-स्लिकला ती टाकायला जागाच नाही. शिवाय चाळीसच्या वेगाने तो टायर तापणारही नव्हता. मी त्याला पावसाचं विचारलं. उसाचं विचारलं नाही.

गावापासून चार किलोमीटरवर एक साधं उजवं वळण आहे. तिथे नुकताच एक ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर चढला होता. पुढे कडेला दुसरी भरलेली ट्रॉली उभी होती. रणजितने स्टिअरिंग वळवलं, गाडी वळली नाही. ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. ती सरळ गेली आणि डाव्या बाजूने ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. डाव्या बाजूला सुभेदार बसले होते.

ते दोन दिवस सांगलीच्या हॉस्पिटलात होते. बुधवारी माझा पार्ट आला. मशीन दुरुस्त करून मी त्याला फोन लावला तेव्हा त्याच्या बहिणीने उचलला. तिने सांगितलं. गुरुवारी पहाटे ते गेले.

मातीला गेलो. रणजितच्या कपाळाला पट्टी होती. मला बघून तो जवळ आला. मला वाटलं बोलेल काहीतरी, शिव्या देईल. तो हळू आवाजात म्हणाला, "चाळीसच होतो, युनूसभाई. मी काटा बघत होतो."

त्याने माझं ऐकलं होतं. तंतोतंत ऐकलं होतं.

रणजितवर निष्काळजीपणाने गाडी चालवल्याची केस झाली. म्हणून मी ठाण्यात होतो. साहेबांनी मला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "हे टायर त्या रस्त्याला योग्य होते का?"

बाहेर बाकावर रणजित बसला होता. होते म्हटलं तर खोटं. नव्हते म्हटलं तर पोराच्या विरोधात माझाच जबाब.

"नव्हते," मी म्हणालो. "त्याला ते कळत नव्हतं असं नाही. पण त्याने निघण्याआधी मला विचारलं होतं आणि मी जा म्हणालो होतो. तेही लिहून घ्या."

"फोनवर काय बोलणं झालं याला काही पुरावा हाय का?"

"मी सांगतोय ना साहेब."

"तुमच्या सांगण्यानं गुन्हा त्येच्यावरचा तुमच्यावर येत न्हाई. गाडी त्यो चालवत हुता."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. त्या जबाबाने काही बदललं नाही. पुढे वकिलाने रणजितला सांगितलं की माझ्या जबाबातलं पहिलं वाक्य त्याला जड जाणार आहे, आणि दुसऱ्याचा उपयोग नाही. हे मला त्याच्या बहिणीकडून कळलं. रणजितने स्वतः मला कधी काही म्हटलं नाही. तो माझा फोन घेत नाही. एकदा मी गावी गेलो. त्याच्या आईने ओसरीवर पाणी दिलं आणि ती म्हणाली, "त्यो घरात हाय, पर कुणाला भेटत न्हाई. तुमी येत जाऊ नगा भाऊ. तुमास्नी बघितलं की त्यो दोन दिस जेवत न्हाई."

त्यानंतर मी गेलेलो नाही. केस अजून चालू आहे. गाडी कुणी सोडवून नेली नाही. रणजितने पुण्याची नोकरी सोडली, तो आता सांगलीला बसने जातो. त्याच्या रोडच्या टायरांवर माझ्या गोडाऊनमध्ये धूळ बसली आहे. ते विकवत नाहीत आणि परत नेऊन देण्याची हिंमत होत नाही.

लोक अजूनही विचारतात, दोन्हीकडे चालेल असा टायर आहे का. मी नाही म्हणतो आणि सेमी-स्लिक विकत नाही. एक-दोघांनी ते दुसरीकडून मागवले, माझ्याकडे बसवायला आणले. मी त्यांना परत पाठवलं. ते पुण्यात बसवून घेतात, हे मला माहीत आहे. म्हणजे माझ्या नकाराने रस्त्यावरचा एकही टायर कमी झालेला नाही.

गिऱ्हाईक जेव्हा "जाऊ का?" विचारतं, तेव्हा टायरवाल्याने हो किंवा नाही, एवढंच म्हणावं. "हळू जा" हे उत्तर नाही. नाही म्हणायचं जिवावर येतं, तेव्हा आपण "हळू जा" म्हणतो.