आधी लसूण, मग बोलणं

संजूचा फोन आला तेव्हा मी आणि माझी लेक केतकी अंगणात चहा पीत होतो. संजू म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा, परतवाड्याला असतो; जाऊबाईंना मी नुसतं 'बाई' म्हणायची. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला... बाई चार दिवस दवाखान्यात होत्या, हे मला बसमध्ये बसल्यावर दुसऱ्याच एका नातेवाइकाकडून कळलं. चार दिवस! अकोल्याहून परतवाडा काही सातासमुद्रापार नाही. अकोट झालं, अंजनगाव झालं की आलंच. एक फोन करता आला नाही ह्या पोराला? त्याच्यामुळे बाईंचं शेवटचं बोलणं माझ्या वाट्याला आलं नाही, असं मी बसमध्येच ठरवून टाकलं. रडू यायच्या आधी मला राग आला. बाईंना हे कळतं तर हसल्या असत्या.

माझा राग नाकावर असतो, हे मी कबूल करते. अमरावतीला माझे वडील वकील होते आणि आमच्या घरात साधं बोलणंसुद्धा उलटतपासणीसारखं चाले. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, तिथे तर काय, जिभेला रानच मोकळं. बाई शेंदूरजनाघाटकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर काही वर्षं आम्ही दोघी परतवाड्याच्या एकाच स्वयंपाकघरात होतो. मी आपली ह्यांना काय येतं म्हणून नाक वर करून वावरायची. काही वर्षांनी लक्षात आलं, की ह्या बाई सतत काही ना काही नवं अंगी लावून घेतात आणि त्याचा गाजावाजा करत नाहीत. चाळिशीत त्यांनी पेपर वाचायला घेतला, तो कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. गुडघे धरले तेव्हा घरी येणारं दूध बंद केलं आणि रोज पायी जाऊन आणायला लागल्या. मी विचारलं, हे तुम्हाला जमतं कसं? माझा तर योगासनांचा नेम चौथ्या दिवशी मोडतो. तर म्हणाल्या, "नवा गोऱ्हा एकटा जुंपला तं उधळते. त्याले जुन्या बैलासंगं जुंपा लागते." रोजचं काम म्हणजे जुना बैल, त्याच्या शेजारी नवी सवय बांधायची. पुढे ह्या विषयावरची दोन-तीन व्याख्यानं मी ऐकली, पण ह्यापलीकडचं काही कानावर पडलं नाही.

माझ्या रागासाठी त्यांनी लसूण काढला. आमच्याकडे लसणाशिवाय भाजी होत नाही, म्हणजे सोलणं रोजचंच. एकदा मी सासूबाईंवर तोंड टाकणार, तोच बाईंनी माझ्यापुढे टोपली सरकवली. "आंधी लसून सोल, मंग बोल." पूर्ण एक गड्डा, पाकळी न पाकळी, तोवर तोंड बंद. घरात सगळ्यांना ते ठाऊक झालं. वाटीत लसूण जास्त दिसला की आमचे हे हळूच विचारत, आज कोणावर? पहिल्या महिन्यात तर मी अर्धा गड्डा सोलून उरलेला भिंतीवर फेकला होता. आपल्याच्यानं हे होणे नाही, असं सांगून मोकळी झाले. बाई पाकळ्या वेचत म्हणाल्या, "जुवातून निसटला म्हनून कोनी गोऱ्हा इकून टाकते का? धरून आन, परत जुंप."

हे सगळं त्या कुठून शिकल्या, ते त्यांनी एकदाच सांगितलं. धाकट्या भावाला त्या रागाच्या भरात काहीतरी बोलल्या होत्या. काय, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर तो भाऊबीजेला आला नाही, आणि समेट व्हायच्या आत वारला. "माह्या हाती तवा लसून नव्हता व," म्हणाल्या आणि उठून पोळ्या लाटायला लागल्या.

तरी माझ्या हातून व्हायचं ते झालंच. केतकीनं पुण्याची चांगली नोकरी सोडली, तेव्हा मी तिला तुझ्या हातून काही तडीला जाणार नाही म्हटलं. ती भरल्या ताटावरून उठली. दीड वर्ष फोन यायचा तो फक्त वडिलांना. मग एका रविवारी बाई अकोल्याला आमच्याकडे आलेल्या असताना तिचा फोन आला. बाईंनी चार शब्द बोलून तो स्पीकरवर टाकला, माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी टोपली. केतकी बोलत होती, मी सोलत होते. दर वाक्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि दर वेळी हातात पाकळी होती. तिसऱ्या गड्ड्याला ती म्हणाली, "आई, मला तुझी भीती वाटते. लहानपणापासून वाटते." एरवी ह्या वाक्याच्या कितीतरी आधीच मी फोन आपटला असता. नखं चुरचुरत होती, डोळ्यांना धार लागली होती, आणि तो दोष लसणाचा नव्हता. मी एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे. ये घरी." ती लगेच आली नाही. पण दर रविवारी फोन यायला लागला, माझ्या नावानं. आणि अलीकडेच, इतक्या दिवसांनी, पहिल्यांदा आठ दिवस राहायला म्हणून आली होती, तेव्हाच संजूचा तो फोन आला.

तेरवीपर्यंत मी संजूशी कामापुरतं बोलले. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, तेव्हा आता ह्याला सोडायचं नाही म्हणून उठले. वाक्यसुद्धा तयार होतं, एक घाव दोन तुकडे. स्वयंपाकघरातून जाताना कोनाड्यात बाईंची टोपली दिसली. बसले. केतकी काही न विचारता समोर बसली आणि तिनंही एक गड्डा उचलला. थोड्या वेळानं संजूच आत आला.

"काकू, रागावल्या ना तुमी?"

"हा गड्डा होऊ दे, मग सांगते."

तोही खाली बसला. खाली मान घालून सोलता सोलता म्हणाला, की तो पहिल्याच दिवशी मला फोन करत होता, पण आईनं हात धरला. कोणालाच कळवू दिलं नाही. "म्हने, केतकी घरी आली हाय. मायलेकी बोलून राह्यल्या. त्याईच्या मंधात फोन नको करू."

मी संजूच्या डोक्यावरून हात फिरवला, लसणाचाच हात. मग आम्ही तिघं खूप रडलो. तो लसूण अर्थातच फार झाला होता, त्याची चटणी केली. ती टोपली मी संजूला मागून अकोल्याला आणली आहे. काल केतकीचा फोन होता, नोकरीचं अजून ठरत नाही म्हणाली. मी दोन गड्डे सोलले.