व्हिन्सी अंकलच्या गाडीचा हॉर्न

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी शहाणपणा शिकवायला नको... मी मुलुंडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासते. झाकणावरचा केसाएवढा ओरखडा मला लांबून दिसतो. मग इतक्या वर्षांत एखादं भूत दिसायला काय हरकत होती? नाही दिसलं. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं खिदळायचो. आता तुम्ही खिदळा, माझी पाळी आली.

तर झालं असं, की आम्हाला गाडी घ्यायची होती. बाबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. बाबा आमच्याकडेच असतात, मुलुंड पूर्वेला. मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर सिक्युरिटीत उभे राहिले, पण गणपतीला गावच्या घरी जाऊन गाऱ्हाणं घालायचं हे कधी चुकलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — घरातल्या एकाने देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागणं मागायचं, आणि मागच्यांनी दरवेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या घरात तो मान बाबांचा. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो पाय काही पूर्वीसारखा वाकेना. बसची पायरी चढवेना, ट्रेनमध्ये पाय लांब करता येईना. दोन गणपती हुकले. गाऱ्हाणं चुलतभाऊ घालायला लागला. बाबा ते व्हिडिओ कॉलवर बघायचे आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. यंदा नाही नेलं तर पुढच्या वर्षी हा माणूस गावाचं नावसुद्धा काढणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून गाडी. आणि गाडी म्हटलं की सगळे एकच सांगतात — उंच गाडी घे, कोकणातले रस्ते बघ! घेतली असती हो. पण शोरूममध्ये त्या उंच गाडीत चढताना बाबा दाराला लटकले, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि महेश खालून ढकलतोय. महेश म्हणजे माझा नवरा. लहान गाडीत बसवलं तर गुडघा थेट डॅशबोर्डला. मग एका कोपऱ्यात सेडान उभी होती तिच्यात बसवलं. आधी बूड टेकवलं, मग एकेक पाय आत, सीट मागे सरकवली की पाय लांब. बाबा म्हणाले, "हां! ह्येका म्हणतत बसणा." पाठीमागे डिकीपण अशी, की गणपतीचं सगळं सामान मावेल. सेल्समन म्हणाला, "मॅडम, सेडान कोण घेतं आता?" म्हटलं, माझा बाप घेतो.

नवी परवडेना, म्हणून जुनी शोधायला लागले. मी गाडी बघायला गेले की समोरच्याचा बीपी वाढतो. पत्रा टिचक्या मारून बघते, दारांच्या फटी बघते, डिकीतलं कार्पेट उचलून गंज बघते, ऑइलचं झाकण उघडून वास घेते. महेशचं उलट. त्याला कोणी चहा दिला की तो "घेऊन टाकू ना" म्हणतो. भांडुपला एक गाडी बघितली, तिचा मालक निरोप द्यायला खालीसुद्धा आला नाही.

शेवटी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला एका गावठाणात एक गाडी असल्याचं कळलं. चंदेरी रंगाची, मिडसाइज, एकाच हातची. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच इथे मायलेजवरून भांडणं लागतील. रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने पोचलो. बुटकं कौलारू घर, बाहेर ओटा, बाजूला गाडी. हिल्डा आंटी नुकत्याच चर्चमधून आलेल्या, अंगात अजून चर्चचा फ्रॉक. आतून बॉटल मसाल्यात शिजणाऱ्या मटणाचा असा घमघमाट येत होता, की श्रावण पाळणारे बाबा ओट्यावर बसून नुसते आवंढे गिळत होते.

"व्हिन्सीची गाडी," आंटी म्हणाल्या. "माजा नवरा. गेला तो मागच्या वर्षी. मी आता मुलीकडे वसईला चालले. ही इथे उभी राहून सडेल ना? पण घेणारा माणूस नीट पायजे."

मी कामाला लागले. आणि काय सांगू... गाडी झकास होती हो! कुठे ठोकलेली नाही, रंग मूळचा, सीट जशीच्या तशी. आरशाला जपमाळ लटकत होती. एकच खोट सापडली. हॉर्न दाबला तर आवाजच नाही.

"तो वाजत नाय," आंटी म्हणाल्या. "व्हिन्सीने कवा वाजवलाच नाय. वर विमानं, खाली रिक्षा. तो बोलायचा, हिल्डा, माझ्याकडून तरी जगाला आवाज नको. पुढे लग्नाची वरात असू दे, हातगाडी असू दे, हा आपला मागे बसून राहायचा. त्याला घाईच नवती कवा."

मुंबईत हॉर्नशिवाय गाडी! मी स्वतः तळहात ठेवूनच चालवणाऱ्यातली. म्हटलं, असेल बाई एखादा संतमाणूस. बाबांना पुढे बसवून बघितलं, बूड, पाय, सगळं फिट्ट. मग त्यांना परत ओट्यावर बसवलं आणि टेस्ट ड्राइव्हला निघाले. महेश बाजूला.

गल्लीच्या तोंडाशी गावठाणाचा जुना क्रूस आहे. तिथपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली, आणि क्रूसाशी बंद. चावी फिरवते, काही नाही. बनियनवर उभा असलेला एक गृहस्थ न विचारता आला आणि बॉनेटला हात लावून गाडी मागे ढकलायला लागला. म्हणाला, "रिव्हर्समध्ये नका टाकू मॅडम, न्यूट्रल ठेवा. आमाला सवय झालीय."

दारात आणली, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू! परत नेली. परत क्रूसाशी बंद. महेशला बसवलं, तरी बंद. दरवेळी ढकलत परत दारात. पेट्रोल होतं, बॅटरी नवी होती. बनियनवाले काका आता गल्लीतच खुर्ची टाकून बसले होते.

"सगळ्यांना तिथेच बंद पडते," आंटी हळूच म्हणाल्या. "लय लोक आले. मेकॅनिकपण आणले. मी एकटी नेते भाजीला, तर काय नाय होत बघ."

मला आंटींचा राग नाही आला. राग आला गाडीचा. एवढी शोधून शोधून एक चांगली सापडली, बाबांचा पाय तिच्यात नीट बसला, गणपती तोंडावर आले, आणि ही बया नखरे करते? मी टायरला एक सणसणीत लाथ घातली. महेश म्हणाला, "सुजाता, लोक बघतायत." मी चावी आंटींच्या हातात ठेवली, म्हटलं, बघू देत, मी निघाले. भांडुपवाली घेते, गंजकी तर गंजकी.

तेवढ्यात ओट्यावरून बाबा म्हणाले, "अगो, सगळा बघलंस. मालकाक इचारलंस?"

"बाबा, मालक गेले ना."

"म्हणानच तर इचारूक होया."

मी पुढे काही बोलायच्या आत बाबांनी काठी महेशच्या हातात दिली, चपला काढल्या, लंगडत बॉनेटसमोर येऊन उभे राहिले आणि हात जोडले. मी म्हटलं, बाबा, प्लीज, हे आपलं गाव नाही. पण उशीर झाला होता.

"बा व्हिन्सी म्हाराजा!"

अख्खी गल्ली दचकली. दोन वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. घरात पाणी मागतानासुद्धा पुटपुटणारा माणूस तो.

"तू ह्या गाडयेचो मूळ मालक! आज आमी मुलुंडसून तुझ्या दारात इलंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" महेश ओरडला. महेश नाशिकचा, पण असल्या कामात त्याला भारी हौस.

हिल्डा आंटींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आमेन."

आणि गाडी म्हणाली — पीप.

लहानसा आवाज, घसा बसलेल्या माणसाने खाकरावं तसा. मी गर्रकन वळले. गाडीत कोणी नव्हतं. चावी आंटींच्या मुठीत होती. गल्लीत एक स्कूटर नाही, एक रिक्षा नाही. महेशने माझ्याकडे बघितलं, मी महेशकडे. बाबांनी मात्र मान हलवली, फोनवर पलीकडून कोणी हॅलो म्हटल्यासारखी, आणि पुढे चालू!

"ह्या माझ्या चेडवान तुझ्या गाडयेर टिचक्यो मारल्यान, खाली वाकान बघल्यान, रागाच्या भरात लाथ पण मारल्यान. पण तुका इचारूक नाय! चुकलामाकला पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" "आमेन!" पीप.

आता बनियनवाले काका खुर्चीवरून उठून क्रूसाकडे तोंड करून उभे होते. मी बॉनेटला कान लावला. आत काही हालचाल नाही.

"तुझी गाडी टॅक्सीक लागाची नाय! कोण ती रेटून चलवचो नाय! आणि तुझ्या बायकोक चर्चात जावचा झाला, तर माझा चेडू गाडी घेवन येतला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" "आमेन!" पीप, पीप.

माझे रविवार गेले, ते असे. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग बाबा थांबले. "आणि माझा एकच मागणा. माझो पाय गेलो रे. दोन गणपती मी माझ्या देवासमोर उभो रवाक नाय. ह्या वरसाक माका माझ्या दारात नेवन सोड... म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." "आमेन."

गाडी गप्प.

वरून एक विमान गेलं, त्याची घरघर विरली, तरी गाडी गप्पच. बाबा तसेच हात जोडून उभे. मला त्यांची मान मागून दिसत होती, बारीक झालेली. एवढा मोठ्याने मागणारा माणूस, आणि पलीकडून काही उत्तर नाही... मला सहन होईना.

बाबांनी मागे न बघता विचारलं, "अगो, गाडी चलवतला कोण?"

"मी."

"मगे? तुझ्या तोंडातसून काय येऊक नको?"

खरंच की. मी एकदाही म्हटलं नव्हतं. लाज वाटत होती. लहानपणी मी सगळ्यांत जोरात ओरडायचे, नंतर कधी बंद झालं कोण जाणे. मी हात जोडले आणि ओरडले, "व्हय म्हाराजा!"

पीऽऽऽऽप!

बाजूच्या घराची खिडकी उघडली. एक म्हातारी डोकावून म्हणाली, "हिल्डा, कोण वाजवतो गं एवढ्या जोराने?" आंटी रडत होत्या आणि हसतही होत्या. "व्हिन्सी," म्हणाल्या.

गाडी क्रूसावरून गेली. पार मरोळ नाक्यापर्यंत गेली आणि परत आली. बाबा पुढच्या सीटवर पाय लांब करून, काच खाली करून, राजासारखे. महेश म्हणाला, "घेऊन टाकू ना?" आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला "हो" म्हटलं.

कागदपत्रं झाली, गाडी न्यायला गेलो, तेव्हा आंटींनी दुसऱ्या चावीबरोबर एक कापडी पिशवी हातात दिली. जड होती. आत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी लोखंडी.

"हे काय?"

"हॉर्न," आंटी म्हणाल्या. "व्हिन्सीने गाडी घेतली त्याच महिन्यात काढला होता. माझ्या किचनच्या माळ्यावर पडून होता. तुमाला लागेल, कायदा असतो ना?"

मी तिथेच ओट्यावर बसले. नंतर आमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून दाखवलं. हॉर्नच्या जागी रिकामी पट्टी, वायरी कापून टेप गुंडाळलेली, टेपवर वर्षानुवर्षांची धूळ. तो म्हणाला, ताई, इथून आवाज येणं शक्यच नाही. म्हटलं, मला नको सांगू रे, मी क्वालिटीला आहे.

त्याने हॉर्न बसवून दिला. चालतो. पण माझा हात जात नाही वाजवायला. परवा एलबीएस रोडवर एका वरातीमागे अर्धा तास गप्प बसून होते. महेशने माझं कपाळ चाचपून बघितलं, ताप आहे का म्हणून.

गावाला आम्ही पोचलो. घाटात नाही, खड्ड्यात नाही, गाडी कुठे कुरकुरलीसुद्धा नाही. अंगणात गाडीतून बूड, मग पाय असे उतरून बाबा गणपतीसमोर उभे राहिले. चुलतभाऊ न सांगता मागे सरकला. मूळपुरुषाचं नाव झालं, कुलदेवतेचं झालं, गावच्या राखणदाराचं झालं, आणि शेवटी बाबा गरजले, "आणि बा अंधेरीच्या व्हिन्सी म्हाराजा!" सगळं घर एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणालं. कोणाला काही ठाऊक नव्हतं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी अंगणाकडे कान देऊन होते. खोटं कशाला सांगू, वाट बघत होते. पण हॉर्न वाजला नाही. आता तर तो बसवलेला होता, तरी नाही.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शॉर्ट सर्किट म्हणू नका, हॉर्न माळ्यावर होता. भास म्हणू नका, म्हातारीने खिडकी उघडली होती. मी खूप डोकं खपवलं, काही हाती लागत नाही.

आरती झाल्यावर चुलतभावाने बाबांना विचारलंच, "दादा, ह्यो व्हिन्सी कोण?"

"गाडयेचो मालक," बाबा म्हणाले.

"मगे सुजाता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा दात दाखवून हसले आणि म्हणाले, "ता होय? ता ड्रायव्हर."