शेठच्या वावरातलं बियाणं

तळेगावातल्या एका कृषी केंद्राच्या काउंटरवर मी अकरा वर्षं काढली. शेठ रोज सकाळी दुकानातल्या देवाले हार घालायचा, कपाळभर टिळा लावायचा आणि मंग दिवसभर लोकाइले टोप्या घालायचा.

पेरणीच्या तोंडावर त्यानं मले गोदामात बोलावलं. मागच्या सालच्या सोयाबीनच्या थैल्या तिथं पडून होत्या. शेठच्या हातात थिनरची बाटली आणि नवा शिक्का. म्हणे, "लेबलवरची तारीख पुस आणि ही मार. काई होत नाई."

"शेठजी, हे उगवणार नाई."

"काऊन नाई उगवणार? बियाणंच आहे नं!"

वा रे अक्कल! आमच्याकडं घरचं बियाणं असलं तं पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून पाहतात. दुकानातली सीलबंद थैली मात्र कोणी तपासत नाई. तिथं माणसावर भरवसा ठेवतात, आणि आमच्या दुकानात तो माणूस मी होतो. मी शिक्का तसाच ठेवला, एका थैलीतले शंभर दाणे मोजले आणि पोत्यात गुंडाळले. सहाव्या दिवशी उघडलं. चौतीस उगवले होते, बाकीचे सडून वास मारत होते. पोतं तसंच नेऊन शेठच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं नाकाले रुमाल लावला. "पाऊस बरा झाला का सारं उगवते," म्हणे. "तुले नाई जमत तं मी मारतो शिक्के, तू फक्त गिऱ्हाइकाइले इकजो. आणि नव्या लॉटच्या बारा थैल्या उरल्या आहेत, त्या आपल्या वावरासाठी अलग काढून ठेवजो."

घ्या! त्या सडक्या दाण्याचीही इतकी किळस आली नव्हती मले. मी त्या बारा थैल्या काउंटरजवळ रचल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं. एक काकी आली. दोन एकर वावर, करणारी एकटी, दरसाल माह्या शब्दावर बियाणं नेणारी. पेरलेलं उगवलं नाई तं तिचं अख्खं वर्ष गेलं.

"भाऊ, तूच सांग, कोणतं नेऊ?"

शेठ गल्ल्यावर बसला होता, अंगठा शाईनं जांभळा. डोळ्यानं मले जुन्या थैल्या दाखवून राह्यला होता.

"ह्या ने, काकी," मी मोठ्यानं म्हणालो. "शेठजीनं स्वतःच्या वावरासाठी अलग काढल्या आहेत."

बस! साऱ्या दुकानाले त्याच पाहिजे झाल्या. इतक्या लोकाइपुढं शेठ नाई कसा म्हणणार? दहा मिनिटांत बाराही गेल्या, आणि शिक्का मारलेल्या थैल्याइकडं कोणी ढुंकूनही पाह्यलं नाई.

दुपारी शेठनं मले हाकललं. "नमकहराम" म्हणे. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकून मले हसूच आलं.

शेठनं आपल्या वावरासाठी बियाणं आर्वीच्या दुकानातून आणलं. त्याच्या वावरात राबणारा सालदार सांगे, पेरायच्या आधी शेठनं स्वतः बसून शंभर दाणे मोजले आणि ओल्या पोत्यात गुंडाळून पाह्यले.